हेराक्लीसचा जुळा भाऊ इफिक्लीस : रडला म्हणून भित्रा ठरला?

रानजाई

हर्क्युलिस सगळ्यांना ठाऊक असतो. सिंहाचं कातडं, खांद्यावर सोटा, बारा अचाट कामं. (ग्रीक लोक त्याला हेराक्लीस म्हणत, मी तेच नाव वापरते.) त्याला जुळा भाऊ होता, हे मात्र विचारलं तर दहातले नऊजण 'कोण?' म्हणतील. इफिक्लीस त्याचं नाव.

आधी कुळकथा. या जुळ्यांची आई अल्कमीनी ही पर्सियस या वीराची नात आणि तिचा नवरा अँफिट्रिऑन हाही पर्सियसचाच नातू. त्याच्या हातून सासरा चुकून मारला गेला, त्यामुळे गाव सोडून दोघं थीब्सला आली. अल्कमीनीच्या भावांना टाफियन लोकांनी मारलं होतं. त्याचा सूड घेतल्याशिवाय माझ्याजवळ यायचं नाही, अशी तिची अट. अँफिट्रिऑन मोहिमेवर गेला, जिंकला, आणि तो घरी पोचायच्या आत देवांचा राजा झ्यूस त्याचंच रूप घेऊन दारात हजर! लढाईच्या गोष्टी सांगितल्या आणि एका रात्रीच्या तीन रात्री करून राहिला. मग खरा नवरा आला. इतक्या दिवसांनी येऊनही बायको फारशी हरखली नाही, म्हणून तो बुचकळ्यात. ती म्हणते, तुम्ही कालच आलात की! शेवटी टायरेसियस या आंधळ्या द्रष्ट्यानं उलगडा केला.

पुढे जुळे झाले. झ्यूसचा हेराक्लीस आणि अँफिट्रिऑनचा इफिक्लीस. अपोलोडोरसच्या नावावर असलेल्या पुराणकथांच्या संग्रहात हेराक्लीस एका रात्रीनं थोरला आहे.

आता तो सापांचा प्रसंग. इ.स.पू. तिसऱ्या शतकातल्या थिओक्रिटस या कवीनं तो फार घरगुती करून सांगितलाय. पोरं दहा महिन्यांची. आईनं न्हाऊ घातलंय, दूध पाजलंय आणि अँफिट्रिऑननं लढाईत मिळवलेल्या पितळी ढालीत दोघांना निजवलंय. ढाल हलवत ती अंगाई म्हणते. मध्यरात्री झ्यूसच्या बायकोनं, हेरानं पाठवलेले दोन साप येतात. इफिक्लीस त्यांना बघतो आणि किंचाळतो, पायानं पांघरूण उडवून पळू बघतो. हेराक्लीस दोन्ही सापांचे गळे धरतो.

जाग येते ती आईला. नवऱ्याला हलवून ती म्हणते, उठा, चपला घालत बसू नका, धाकटा किती ओरडतोय ऐकू येत नाही का? अँफिट्रिऑन खुंटीवरची तलवार काढतो, नोकरांना हाका मारून दिवे मागवतो. आत जाऊन बघतात तर हेराक्लीस मेलेले साप बापाच्या पायाशी टाकून हसतोय.

या प्रसंगावर इफिक्लीसची कायमची किंमत झाली. थोरला शूर, धाकटा भित्रा. माझं म्हणणं असं की दहा महिन्यांच्या पोरानं साप बघून रडावं नाही तर काय करावं? आणि घर जागं झालं ते कोणाच्या आवाजानं? त्या माजघरात माणसासारखा वागलेला एकटा तोच होता.

तुम्हाला काय वाटतं? इफिक्लीसबद्दल आणखी कुठे काही वाचलं असेल तर लिहा.

उंटावरचा शहाणा

धागा आवडला. पण मूळ मुद्दाच पचत नाहीये. जुळी मुलं आणि दोघांचे बाप वेगळे? पुराणातली वांगी पुराणातच.

नाडीपरीक्षा

@उंटावरचा शहाणा, ही वांगी पुराणातली नाहीत. एकाच पाळीत दोन बीजं सुटली आणि थोड्या अंतरानं दोन पुरुषांशी संबंध आला, तर दोन बीजं दोघांकडून फळू शकतात. शुक्रजंतू शरीरात काही दिवस तग धरतात, त्यामुळे 'एक रात्र आधी, एक रात्र नंतर' हे अगदी बसतं. माणसात दुर्मीळ आहे, पण आता डीएनए चाचणीनं सिद्ध झालेली उदाहरणं आहेत. कुत्र्या-मांजरांत तर सर्रास. एका विणीतली पिल्लं वेगवेगळ्या बापांची असतात.

गंमत म्हणजे ग्रीकांना हे कळत होतं. ॲरिस्टॉटलच्या प्राण्यांविषयीच्या ग्रंथात एका गर्भावर दुसरा गर्भ राहण्याची चर्चा आहे आणि तिथे उदाहरण म्हणून चक्क इफिक्लीस-हेराक्लीसचं नाव येतं. रोमन प्लिनीनंही हेच उदाहरण दिलंय. साहित्यात नाही तर नाही, वैद्यकात तरी धाकट्याचं नाव थोरल्याच्या बरोबरीनं आलं.

खडूस काका

रानजाई, वकिली छान आहे, पण तुमच्या अशिलाची एक भानगड तुम्ही लपवलीत. 'हेराक्लीसची ढाल' नावाचं एक जुनं काव्य आहे, हेसिअडच्या नावावर चालतं पण बहुधा त्याचं नाही. त्यात स्पष्ट लिहिलंय की दोघं भाऊ एकसारखे नव्हते, एक कमी आणि दुसरा फारच वरचढ. पुढे असंही आहे की इफिक्लीस आईबापांना आणि घराला सोडून युरिस्थियसच्या चाकरीला गेला. युरिस्थियस कोण? ज्यानं हेराक्लीसला बारा कामांना जुंपलं तोच. भावाच्या वैऱ्याच्या दारात उभा राहणारा माणूस. याला काय म्हणायचं?

रानजाई

काका, लपवलं नाही, तुमच्यासाठी राखून ठेवलं होतं :)

पण त्या ओळी कोणाच्या तोंडी आहेत बघा ना. बोलतोय स्वतः हेराक्लीस. सिक्नस नावाच्या शत्रूशी लढायला जाताना रथावर बसून तो म्हणतो की झ्यूसनं माझ्या भावाची बुद्धी हिरावून घेतली, मूर्ख तो, मागाहून फार पस्तावला, पण झालेलं काही माघारी येत नाही. आणि हे ऐकतोय कोण? त्याचा सारथी आयोलाउस. म्हणजे इफिक्लीसचा सख्खा मुलगा! पोराच्या तोंडावर बापाला मूर्ख म्हणणारा काका, त्याची साक्ष मी किती धरायची?

शिवाय भाऊबंदकीत दुसऱ्याच्या दारी चाकरी धरणारा प्रत्येक जण फितूर नसतो. काही जण नुसते घरातून बाहेर पडायला बघत असतात. ज्या घरात साक्षात झ्यूसचा मुलगा वाढतोय, तिथे दुसऱ्या मुलाला किती जागा उरत असेल?

चुलीवरची भाकरी

त्या सापांच्या गोष्टीची आणखी एक आवृत्ती आहे आणि ती ऐकून माझं डोकंच फिरलं होतं. फेरेकिडीस नावाच्या जुन्या लेखकाच्या मते साप हेरानं पाठवलेच नव्हते. अँफिट्रिऑननं स्वतः पाळण्यात सोडले, दोघांतला आपला कोणता हे कळावं म्हणून! इफिक्लीस पळाला, हेराक्लीस जागचा हलला नाही. बापाला कळलं, पळाला तो आपला.

म्हणजे पितृत्वाची चाचणी साप सोडून. बरं, आपला पोरगा ओळखला तो कशावरून, तर त्याच्या भीतीवरून. जन्मभर त्या बापानं त्याच्याकडे कोणत्या नजरेनं बघितलं असेल?

उंटावरचा शहाणा

@चुलीवरची भाकरी, असल्या बापाला बारा कामं द्यायला हवी होती. पहिलं काम, साप परत पकडून आण.

आभाळवेडा

इफिक्लीसवर बोलताय तर कॅस्टर आणि पोलक्सही इथेच आले पाहिजेत. तीच जात, पण शेवट वेगळा.

स्पार्टाची राणी लीडा. झ्यूसकडून तिला पोलिड्यूकीस झाला, त्यालाच रोमन लोक पोलक्स म्हणतात, आणि नवऱ्याकडून कॅस्टर झाला. कॅस्टर मर्त्य. गुरांवरून चुलतभावांशी भांडण पेटलं, त्यांतल्या इडासनं कॅस्टरला भाला मारला. पिंडार या कवीनं पुढचं लिहिलंय. पोलिड्यूकीस धावत येतो तेव्हा भावाला घरघर लागलेली असते. तो झ्यूसला म्हणतो, मलाही याच्याबरोबर मरण दे. झ्यूस त्याच्यापुढे दोन वाटा ठेवतो. तू एकटा कायमचा ऑलिंपसवर ये, नाहीतर जे काही आहे ते भावाशी निम्मं निम्मं वाटून घे, अर्धा काळ जमिनीखाली, अर्धा आकाशातल्या सोनेरी वाड्यात. पोलिड्यूकीस क्षणभरही विचार करत नाही. झ्यूस आधी कॅस्टरचे डोळे उघडतो आणि मग त्याचा आवाज मोकळा करतो.

हे दोघं म्हणजे मिथुन राशीतले दोन ठळक तारे, आणि आपल्याकडे तेच पुनर्वसू नक्षत्र. जुलैत सूर्य त्या नक्षत्रात असताना पडणारा तो 'तरणा पाऊस', घरात शेती असलेल्यांनी आजोबांकडून ऐकला असेल. माघ-फाल्गुनात संध्याकाळी डोक्यावर बघा. दोघांत कॅस्टर थोडा मंद दिसतो. मर्त्य भाऊ मंद, हा योगायोगच म्हणायचा, पण दिसायला छान वाटतं. दुर्बिणीतून मात्र बाजू उलटते. पोलक्स हा एकटा तारा, सुमारे 34 प्रकाशवर्षांवर. कॅस्टर सुमारे 51 वर, आणि तो एक नसून सहा ताऱ्यांचं कुटुंब आहे.

हेराक्लीसनं मात्र स्वर्गातली अर्धी जागा भावाला देऊ केल्याचं कुठे वाचलं नाही.

पोथीवाला

वा, आभाळवेडा! तुमच्या पुनर्वसूला एक जोड देतो. ऋग्वेदात अश्विनीकुमार कायम जोडीनं येतात, पण पहिल्या मंडलातल्या 181व्या सूक्ताची चौथी ऋचा बघा. तुमच्यातला एक सुमखाचा विजयी पुत्र, दुसरा द्युलोकाचा भाग्यवान पुत्र, असं तिथे म्हटलंय. म्हणजे जोडी एक, बाप दोन, त्यातला एक आकाश. अभ्यासकांनी अश्विन आणि कॅस्टर-पोलक्स यांची सांगड फार पूर्वीपासून घातली आहे. दोघंही घोड्यांशी जोडलेले, दोघंही संकटात धावून येणारे. अश्विनांनी समुद्रात बुडणाऱ्या भुज्यूला वाचवलं, तर ग्रीक खलाशी वादळात कॅस्टर-पोलक्सचा धावा करत.

फरक एवढाच की आपल्याकडे दोघंही देव होऊन बसले आणि ती एक ऋचा सोडली तर दोन बापांची गोष्ट पुसली गेली.

मनमौजी

मग कृष्ण-बलराम पण तसेच ना? आणि पूतना म्हणजे तो साप?

पोथीवाला

@मनमौजी, नाही. ते जुळे नाहीत आणि त्यांचा बापही एकच, वसुदेव. तान्ह्या बाळावर घातलेला घाला एवढंच साम्य, आणि ते जगभरच्या वीरकथांत सापडतं. उगाच ओढाताण नको.

कुंभारवाडा

आत्तापर्यंत सगळे ग्रंथ झाले, मी भांड्यांकडे येतो.

जर्मनीतल्या श्वेरिन शहराच्या संग्रहालयात इ.स.पू. 470च्या सुमाराचा एक ग्रीक पेला आहे, दोन कानांचा, काळ्या पार्श्वभूमीवर तांबड्या आकृत्यांचा. एका बाजूला संगीताचा गुरू लिनस बसलाय आणि समोर पोरगा मन लावून लायर वाजवतोय. हा पोरगा इफिक्लीस. नावं लिहिलेली आहेत, त्यामुळे ओळखीचा घोळ नाही. पेला फिरवला की मागच्या बाजूला हेराक्लीस शिकवणीला निघालाय. त्याच्या मागून एक वाकलेली म्हातारी दासी काठी टेकत चालतेय आणि लायर तिच्या हातात! साहेब रिकामे.

पुढची गोष्ट बघणाऱ्याला माहीत असते. लिनसनं चुकीबद्दल हेराक्लीसला मारलं, आणि त्या पोरानं लायर उचलून गुरूच्या डोक्यात घातली. गुरू जागीच ठार. खटला झाला तर म्हणाला, आधी त्यानं हात उचलला होता. सुटला. बापानं मग त्याला गुरं राखायला पाठवलं.

पेल्यावर यातलं काही नाही. एका बाजूला गृहपाठ करणारा मुलगा आणि दुसरीकडे उशिरा येणारा. कुंभारानं इफिक्लीसला भित्रा नाही दाखवला, चांगला विद्यार्थी दाखवलाय. माझ्या बघण्यातला त्याचा हा सगळ्यात आनंदी क्षण.

नाडीपरीक्षा

@कुंभारवाडा, प्रतिसाद आवडला. दप्तर आजीच्या खांद्यावर आणि नातू पुढे, हे अडीच हजार वर्षं बदललेलं नाही.

तिखटजाळ

सगळे इफिक्लीसच्या भित्रेपणावर बोलताय, त्याच्या मुलांबद्दल कोणीच बोललं नाही.

हेरानं हेराक्लीसला वेड लावलं आणि त्यानं बायको मेगारा हिच्यापासून झालेली स्वतःची मुलं आगीत टाकली, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. अपोलोडोरसच्या त्याच संग्रहात त्याच वाक्यात आहे की इफिक्लीसची दोन मुलंही टाकली. दोन! त्यांची नावंही दिलेली नाहीत. मग हेराक्लीस डेल्फीला देवाचा कौल घ्यायला जातो, प्रायश्चित्त म्हणून युरिस्थियसची चाकरी पत्करतो, आणि तिथून ती प्रसिद्ध बारा कामं सुरू होतात. म्हणजे ज्या पराक्रमांची चित्रं जगभर लावली जातात, त्यांच्या पायाशी पुतण्यांची राख आहे. पुतण्यांच्या बापाला कोणी काही विचारलं का? त्यानं रडावं, ओरडावं, भावावर तलवार उपसावी, यातली एक ओळही नाही.

काका, तुमच्या 'ढाली'त तो भावाला सोडून गेला म्हणून मूर्ख ठरतो. मला तर वाटतं मी असते तर त्याच्याही आधी गेले असते.

खडूस काका

तिखटजाळ, मुद्दा पोचला. पण एक सांगतो. इतकं होऊनही उरलेला मुलगा आयोलाउस काकाचाच सारथी झाला. हायड्रा या अनेक डोक्यांच्या सापाचं एक डोकं तोडलं की दोन उगवायची, तेव्हा जळत्या पलित्यांनी मानेची भोकं डागून बंद करणारा आयोलाउसच. त्याची मदत घेतली म्हणून युरिस्थियसनं ते काम मोजायलाच नकार दिला. आणि पुढे हेराक्लीसनं आपली बायको मेगारा लावून दिली तीही आयोलाउसला. बापाला विचारलं होतं की नाही, देव जाणे.

तिखटजाळ

ज्या बाईची मुलं मारली ती पुतण्याच्या गळ्यात. काका, हे तुम्ही त्याच्या बाजूनं सांगताय की माझ्या?

खडूस काका

हळूहळू तुमच्या बाजूला सरकतोय. वय झालं.

वाटसरू

शेवटाबद्दल लिहितो. इफिक्लीसच्या मरणाच्या दोन हकिगती आहेत. एकीत हेराक्लीसनं स्पार्टाचा राजा हिप्पोकून याच्यावर स्वारी केली तेव्हा तो पडला. दुसरी पौसानियासची. हा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात सगळा ग्रीस फिरून गावोगावची देवळं, थडगी, दंतकथा टिपून ठेवणारा माणूस. मला त्याचीच हकिगत जास्त खरी वाटते, कारण ती गावात ऐकलेली आहे.

एलिसच्या लढाईत मोलिओनी नावाच्या भावांनी इफिक्लीसला जखमी केलं. (हे मोलिओनीही जुळे, काही कवींच्या मते एकाच अंगाला दोन डोकी असलेले.) त्याला उचलून आर्केडियातल्या फेनेऑस गावी नेलं. तिथे बुफागस नावाच्या माणसानं आणि त्याच्या बायकोनं, प्रोम्नीनं, त्याची शुश्रूषा केली. तो वाचला नाही. त्यांनीच त्याला पुरलं. पौसानियास म्हणतो की गावकरी आजही त्याला वीर मानून नैवेद्य दाखवतात.

आता फेनेऑसच का? पौसानियासच आधी सांगून जातो की अँफिट्रिऑनची आई लाओनोमी फेनेऑसची. म्हणजे ते इफिक्लीसच्या बापाचं आजोळ! हेराक्लीसही काही काळ तिथे राहिला होता, गावच्या पठारावर त्यानं मोठा कालवा खणला असं गावकरी सांगत. पण नातं लावायचं तर त्या गावाचा रक्ताचा नातू इफिक्लीस. हेराक्लीसला ग्रीसभर देवळं होती. याला एक गाव मिळालं, ते बापाकडून.

रानजाई

वाटसरू, लाओनोमीचा धागा मला माहीतच नव्हता. फार आभार. आणि प्रोम्नी! साऱ्या कथेत त्याच्यासाठी काही करणारी बाई म्हणजे आधी आई, आणि मग ही परकी.

म्हणजे भित्रा ठरवलेला माणूस लढताना पडला, दोन्ही हकिगतींत. कॅलिडॉनच्या रानडुकराच्या शिकारीला गेलेल्या वीरांच्या यादीतही त्याचं नाव आहे. अंगात अर्धं दैवी रक्त असताना सिंहाला भिडणं एक आणि ते नाही हे पुरतं माहीत असताना भाला घेऊन उभं राहणं वेगळं.

पोथीवाला

हेराक्लीसच्या अमरत्वाचाही एक घोळ आहे बरं का. होमरच्या 'ओडिसी' या महाकाव्याच्या अकराव्या सर्गात नायक ओडिसियस मृतांच्या लोकात अल्कमीनीला बघतो. पुढे हेराक्लीसही भेटतो, पण कवी लगेच सांगतो की ही नुसती त्याची छाया, खरा तो वर देवांच्या पंगतीत आहे. ल्युशियन या दुसऱ्या शतकातल्या टवाळ लेखकानं यावर एक झकास संवाद लिहिलाय. पाताळात डायोजिनीस हा तत्त्वज्ञ त्या छायेला गाठतो आणि उलटतपासणी घेतो. छाया म्हणते, हेराक्लीसमधला अँफिट्रिऑनचा जो अंश तो मी, तो मेला. झ्यूसचा अंश वर गेला. डायोजिनीस म्हणतो, अच्छा, म्हणजे अल्कमीनीला एकाच वेळी दोन हेराक्लीस झाले, एक नवऱ्याचा, एक झ्यूसचा, आणि तुम्ही जुळे होतात हे कोणाला कळलंच नाही!

विनोदासाठी नवा जुळा शोधून काढला. खरा जुळा त्याच पाताळात कुठेतरी असणार, त्याची आठवण ना डायोजिनीसला, ना ल्युशियनला.

मनमौजी

एवढं सगळं आहे तर इफिक्लीसवर एखादं ग्रीक नाटक का नाही? भावाभावांवर तर त्यांची नाटकं आहेत ना?

चुलीवरची भाकरी

@मनमौजी, जी नाटकं हाताशी आहेत त्यांत युरिपिडीसचं 'हेराक्लीस' बघा. पडदा उघडतो (म्हणजे पडदा नव्हता, पण असो) तेव्हा म्हातारा अँफिट्रिऑन झ्यूसच्या वेदीपाशी बसलाय. हेराक्लीस पाताळात गेलाय, लायकस नावाच्या राजानं थीब्स बळकावलंय आणि तो सून-नातवंडांना मारायला टपलाय. अँफिट्रिऑन स्वतःची ओळख करून देतो ती अशी की झ्यूसबरोबर एका बाईचा वाटेकरी असलेला तो मी, मला कोण ओळखत नाही? लाज नाही, उलट तोरा. मग अख्खं नाटकभर 'माझा मुलगा, माझा मुलगा' चालू असतं, आणि तो मुलगा म्हणजे हेराक्लीस.

घरावर एवढं संकट आलेलं असताना स्वतःच्या रक्ताचा मुलगा कुठे आहे? रंगमंचावर तो येतच नाही. साप सोडून ज्याला ओळखला होता तोच.

उंटावरचा शहाणा

तो असता तर ओरडून गाव तरी गोळा केलं असतं.